अंदमानला ग्रुपने जाताय? प्लॅन परतीच्या विमानापासून मागे मांडा

आमच्या हिंगणघाट-समुद्रपूर-वरोरा पट्ट्यात आजकाल भिशीचे, मित्रांचे, नातेवाईकांचे ग्रुप अंदमानला निघतात आणि परत आले की बहुतेकांची रड एकच असते, फेरी, म्हणजे बेटांमधली बोट, रद्द झाली, विमान सुटलं, म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले. मी दोन वेळा ग्रुप नेला, पहिल्यांदा १४ जण आणि नंतर ११. पहिल्या वेळेस शेवटची रात्र आम्ही हॅवलॉक बेटावर ठेवली होती, सकाळची फेरी आणि दुपारचं विमान असा हिशोब होता. सकाळी जेट्टीवर गेलो तर समुद्र खवळलेला, फेरी रद्द. चौदाच्या चौदा तिकिटं गेली, नवीन तिकिटं दोन दिवसांनी त्या दिवसाच्या भावाने काढली, पुढे चेन्नईहून रेल्वेचं रिझर्वेशन होतं तेही गेलं. एका काकाजींनी तूर विकून बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले, ते मला अजून लागून आहे. म्हणून हे सगळं लिहितोय, आणि क्रमाने लिहितोय, कारण चुका होतात त्या क्रमातच होतात. लोक आधी हॉटेलचे फोटो पाहतात, ते बुक करतात, मग विमान आणि सगळ्यात शेवटी फेरी. करायचं याच्या नेमकं उलट.

टप्पा १ : तारीख, आणि ती शाळेच्या सुट्टीवर ठरवू नका

मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ डिग्री, पोरांना सुट्ट्या, म्हणून लोक मे धरतात. पण आपण रेडिओवर दरवर्षी कान लावून कोणती बातमी ऐकतो? "मान्सून अंदमानात दाखल". ती बातमी मेच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आसपास येते. म्हणजे आपण ज्या पावसाची वाट पाहतो तो तिथे तेव्हा कोसळत असतो आणि समुद्र उसळत असतो. दिवाळीची सुट्टीही तशीच फसवी, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात, कधीकधी डिसेंबरातही.

आपल्यासाठी जानेवारी अखेर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात बरे. समुद्र बऱ्यापैकी शांत, तूर निघालेली असते, कापसाची वेचणी उरकत आलेली असते, आणि हरभरा अजून शेतात उभा असला तरी चार-आठ दिवस भाऊ-पुतण्या पाहू शकतो. बारावीचं पोरगं घरी असेल तर ते कुटुंब या वर्षी सोडा, ओढून नेऊ नका.

तारीख पक्की करायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून घ्या, हे कुणी सांगत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या असतात, अष्टमीच्या आसपास लहान. त्याचा उपयोग पुढे सहाव्या टप्प्यात सांगतो.

टप्पा २ : माणसं आणि कागदं

१२ ते १४ माणसं पुरे. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील तेवढीच. २५ जणांचा ग्रुप झाला की निम्मा वेळ माणसं मोजण्यात जातो.

प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी आधार कार्डचा फोटो घ्या, आणि तिकिटावर नाव आधारवर जसं आहे अक्षर न् अक्षर तसंच टाका. आपल्याकडे घोळ कसा होतो पहा, मावशीला सगळे मंदाबाई म्हणतात, आधारवर नुसतं मंदा, बँकेत माहेरचं आडनाव, आणि तिकीट काढणाऱ्या पुतण्याने मोबाईलमध्ये सेव्ह केलेलं नाव टाकलेलं. रेल्वेत एखादवेळ निभावतं, विमानतळाच्या गेटवर निभावत नाही. दुसऱ्या ट्रिपला आमच्या एका वहिनीच्या तिकिटावर लग्नाआधीचं आडनाव निघालं. वेळीच दिसलं म्हणून घरबसल्या दुरुस्त करून घेतलं, नाहीतर बाकीचे नऊ जण आत आणि त्या दोघं नवरा-बायको काचेच्या बाहेर, असं झालं असतं.

भारतीय नागरिकाला अंदमानात जायला वेगळा परमिट लागत नाही, ओळखपत्र पुरतं. निकोबारचं वेगळं आहे, तिकडे पर्यटक म्हणून जाता येत नाही, कुणी एजंट "निकोबारही दाखवतो" म्हणाला तर तिथेच उठून या.

बीपी, शुगर, दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कुणी गरोदर आहे का, हे प्रत्येकाला एकट्यात विचारा. चारचौघात विचारलं तर काकाजी "मले काहीच नाही बा" म्हणतात आणि पिशवीत चार गोळ्यांची पाकिटं असतात.

तपासा : नावांची यादी, वय, आधार नंबर, रक्तगट, रोजच्या गोळ्या आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर, हे सगळं एका कागदावर लिहून त्याच्या पाच झेरॉक्स काढा. मोबाईलमध्ये ठेवलेलं नेमकं गरजेच्या वेळी उघडत नाही.

टप्पा ३ : पैसे आधी, बुकिंग मागून

अर्धे आता अर्धे नंतर हा प्रकार ठेवू नका. विमान आणि फेरीचे पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय एकही तिकीट काढायचं नाही. पैसे एकाच माणसाच्या खात्यात, हिशोबाची वही दुसऱ्याच माणसाकडे. ऐनवेळी कुणी गळालं तर परत जे मिळेल तेवढंच मिळेल, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर, बायकांनाही बसवून सांगा. नंतर सांगितलं की नात्यात कायमची अढी बसते.

टप्पा ४ : बुकिंगचा क्रम

हा टप्पा दोनदा वाचा. बुकिंग या क्रमाने करायचं :

१. परतीच्या विमानाची तारीख ठरवा. त्याच्या आदली रात्र विमानतळ असलेल्या पोर्ट ब्लेअरलाच, आणि जमलं तर आदला अख्खा दिवस मोकळा. फेरी एक दिवस रद्द झाली तरी हा दिवस सांभाळून घेतो.
२. जायचं-यायचं विमान. नागपूरहून कोलकाता, हैदराबाद किंवा बंगळूर करून जाता येतं, पण ग्रुपला परवडतं ते बहुतेक वेळा चेन्नईपर्यंत रेल्वे आणि तिथून विमान. चेन्नईहून विमानाला दोन तासांच्या वर थोडं लागतं. एका वेळी नऊच माणसांचं बुकिंग होतं, आणि एकदम नऊ जागा शोधल्या की सगळ्यांना वरचा भाव लागू शकतो, म्हणून चार-चार, पाच-पाचने शोधून पहा.
३. रेल्वे. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. १४ जण असतील तर तीन तिकिटं होतात, तेव्हा प्रत्येक तिकिटावर एक तरी तरुण माणूस टाका, सगळी म्हातारी माणसं एका तिकिटावर आणि सगळी पोरं दुसऱ्या डब्यात असं होऊ देऊ नका. रेल्वेने चेन्नईला पोचायचं ते विमानाच्या आदल्या दिवशी, त्याच सकाळी नाही. गाडी चार तास उशिरा आली तर विमान थांबत नाही. सेंट्रल स्टेशनहून विमानतळापर्यंत थेट मेट्रो आहे, बॅगा कमी असतील तर टॅक्सीपेक्षा ती बरी.
४. बेटांमधली फेरी. विमान पक्कं झालं की त्याच आठवड्यात काढा. सरकारी फेरी स्वस्त आहे पण त्या जागांवर पहिला हक्क स्थानिक लोकांच्या गरजेचा असतो आणि सीझनला १४ जागा एकत्र मिळणं अवघड. खाजगी फेरी महाग पण जागा मिळतात. सकाळची फेरी घ्या, दुपारनंतर वारा वाढतो.
५. आता हॉटेल. जेट्टीच्या जवळचं किंवा निदान गाडीची सोय असलेलं.

नावांचा घोळ इथेही होतो. हॅवलॉकचं नाव आता स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं डिसेंबर २०१८ पासूनची. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्रीविजयपुरम. तिकिटावर एक नाव, बोर्डावर दुसरं आणि ड्रायव्हरच्या तोंडी तिसरं, असं असू शकतं, तेव्हा सगळ्यांना दोन्ही नावं पाठ करून ठेवा.

सात रात्रींचा आम्हाला जमलेला आराखडा असा : पोर्ट ब्लेअर दोन रात्री, हॅवलॉक दोन, नील एक, परत पोर्ट ब्लेअर दोन. पाच दिवसांत सगळं उरकायचं म्हणाल तर नील सोडा, पण तो मोकळा दिवस सोडू नका.

सावधान : एजंटकडून पॅकेज घेत असाल तर फेरीचं नाव, वेळ, गाडी किती सीटची, कोणती प्रवेश तिकिटं धरली आहेत, आणि फेरी रद्द झाली तर जादा रात्रीचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. "सगळं इन्क्लुड आहे भाऊ" या वाक्यावर पैसे देऊ नका.

टप्पा ५ : बॅग

देशातल्या बहुतेक विमानांत खाली टाकायची बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो. आपल्याकडे आधी चिवड्याचे डबे भरतात आणि मग कपडे. बॅगा घरीच वजन करा, धान्याचा काटा कुणाकडे ना कुणाकडे असतोच.

विमानतळावर आपल्या लोकांचं हमखास काय अडकतं ते सांगतो. सुकं खोबरं चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. तेलातलं लोणचं आणि तिखट हातातल्या बॅगेत नाही, नीट बांधून खालच्या बॅगेत. अडकित्ता खालच्या बॅगेत. माचिस-लायटर कुठेच नाही. पॉवर बँक मात्र उलटी, ती हातातल्याच बॅगेत. आणि खर्रा, म्हणजे आपली घोटलेली सुपारी-तंबाखू, तो घरीच ठेवून या. फेरीत, गुहेत, किनाऱ्यावर पिचकाऱ्या मारणारा एक माणूस अख्ख्या ग्रुपची मान खाली घालायला लावतो.

कपड्यांत जीन्स एकच पुरे, तिथल्या दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. मागे पट्टा असलेल्या सँडल घ्या, नुसती स्लीपर पाण्यात निघून जाते आणि पाय प्रवाळावर कापतो, ती जखम लवकर भरत नाही. बायकांसाठी पंजाबी ड्रेस नक्की घ्या. साडी ओली झाली की जड होते, पायात गुंडाळते, आणि लाट परत जाताना पदरासकट ओढते. आमच्या एका काकू गुडघाभर पाण्यात होत्या, लाट आली, बसल्या त्या उठताच येईना. दोघांनी हात धरून बाहेर काढलं तेव्हा साडी वाळूने भरून एवढी जड झाली होती की पिळताना तिघीजणी लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेचा ड्रेस घातला आणि मग मनसोक्त भिजल्या.

रोजच्या गोळ्या दोन जागी, निम्म्या हातातल्या बॅगेत आणि निम्म्या खाली. ओआरएस, मच्छर क्रीम, बँडेज, दुपट्टा. फेरीत मळमळू नये म्हणून गोळी आपल्या डॉक्टरला विचारून घ्या आणि फेरी सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी खा. उलटी सुरू झाल्यावर गोळी खाऊन उपयोग नाही. उपाशीही बसू नका आणि पोटभर पुरी-भाजी खाऊनही नको.

रोख पैसे भरपूर ठेवा. समुद्राखालची केबल २०२० मध्ये चेन्नईपासून पोचली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला नेट बरं चालतं, पण बेटांवर आणि जंगलपट्ट्यात ते कधी जाईल सांगता येत नाही आणि फोनवरचं पेमेंट तिथेच अडकतं. एटीएमही बेटांवर मोजकीच.

टप्पा ६ : तिथलं घड्याळ, आणि भरती-ओहोटी

घड्याळ आपलंच चालतं पण सूर्य आपला नाही. अंदमान खूप पूर्वेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचपर्यंत अंधार पडायला लागतो. ज्यांना नऊला चहा पिऊन अकराला निघायची सवय आहे त्यांचा अर्धा दिवस हॉटेलातच जातो. नियम करा, सकाळी साडेपाचला चहा, साडेसहाला गाडीत. शेतकरी माणसाला हे जड नाही, पोरांना आहे.

भरती-ओहोटी आपल्याला माहीत नसते कारण आपलं पाणी म्हणजे धरण, नदी आणि विहीर. नीलला ओहोटीच्या वेळी पाणी लांबपर्यंत मागे जातं आणि दगड उघडे पडतात. तिथला नैसर्गिक दगडी पूल पाहायचा तर ओहोटीलाच जायचं, भरतीला त्याच्याजवळ जाता येत नाही. पोहायचं किंवा काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं तर पाणी चांगलं भरलेलं हवं. हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच वेळा विचारा. वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेला पूल पाहायला मजा येते, पण तेव्हा पाणी भरतंही झपाट्याने, ओहोटी संपायच्या आधीच परत फिरा.

टप्पा ७ : जंगल

आपण ताडोब्याच्या बाजूची माणसं, जंगल आपल्याला कळतं असं वाटतं. हे जंगल वेगळं आहे. वाघ-बिबट नाही, पण बारमाही हिरवं, दमट, पायाखाली ओलसर मुळं, वर सूर्य दिसत नाही आणि अंगातलं पाणी घामाने निघून जातं. सागाच्या पानगळीत लांबून दिसतं तसं इथे काही दिसत नाही. साप आहेत, मोठी विषारी गोम आहे, म्हणून हात टेकताना पाहून टेका आणि बूट घालण्याआधी झटका.

बाराटांग बेटावर जायचं की नाही हे आधी ठरवा. चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला लोक जातात. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर फॉर्म भरायचा, मग ठरल्या वेळी सगळ्या गाड्या ताफ्याने सुटतात. पुढे खाडीवर मोठी फेरी, मग छोटी बोट खारफुटीतून, मग चिखलाच्या पायवाटेने दीडेक किलोमीटर चालणं, आणि हेच सगळं परत. ६५ च्या वरच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा दिवस नको.

आणि तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांच्या घरातून जातो असंच म्हणा. १९५६ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. गाडी थांबवायची नाही, काच खाली घ्यायची नाही, फोटो-व्हिडिओ काढायचा नाही, बिस्किट-केळी द्यायची नाहीत. बाहेरच्या माणसाचा साधा सर्दी-खोकलाही त्यांना घातक ठरू शकतो. "जारवा दिसेल का" म्हणून जे जायचं म्हणतात त्यांना मी नेत नाही. दुसऱ्या ट्रिपला आम्ही बाराटांग सोडलंच, आणि त्याऐवजी माउंट हॅरिएट, म्हणजे आताचं माउंट मणिपूर, आणि संध्याकाळी चिडिया टापू केलं. जंगल तेवढंच दाट, आणि सगळे जण रात्री जेवायला हसत बसले होते.

हॅवलॉकला एलिफंट बीचवर बोटीनेही जाता येतं आणि जंगलातून पायीही. पायी पाऊण तासाच्या आसपास लागतो, तरुणांनी चालत जावं, बाकीच्यांना बोटीने पाठवा. परतीचं मात्र अंधाराच्या खूप आधी.

तपासा : निघताना आणि परत येताना माणसं मोजा. दोन-दोनच्या जोड्या लावा, जोडीदार दिसला नाही की लगेच ओरडायचं.

टप्पा ८ : समुद्र

वैनगंगा-वर्धा पोहून गेलेला माणूस समुद्रात बुडू शकतो, हे पोरांना निघायच्या आधी घरीच सांगा, तिथे पाणी दिसलं की कुणी ऐकत नाही. नदीचा प्रवाह एका दिशेने असतो, समुद्रात लाटांचं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या जागी जोरात आत ओढतं. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधे एक पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, तर तिथे उतरायचं नाही, ती सोपी जागा वाटते पण ओढ तिथेच असते. सापडलोच तर किनाऱ्याकडे सरळ हात मारत बसायचं नाही, दम संपतो. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहायचं किंवा नुसतं तरंगून हात वर करायचा, ओढीतून सुटलो की मग किनाऱ्याकडे वळायचं.

लाल झेंडा किंवा मगरीचा बोर्ड असेल तिथे पायही बुडवू नका. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे खरंच आहे, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ जास्त. जीवरक्षक शिटी वाजवतो तेव्हा बाहेर या, वाद घालू नका. दारू पिऊन पाण्यात कुणीच नाही, कितीही जवळचा असो.

स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, पोहता न येणाऱ्यालाही करता येतं, सोबत शिकवणारा असतो. दमा, हृदयाचा त्रास, फिट, गरोदरपण, सर्दीने कान बंद, यातलं काही असेल तर नको, फॉर्मवर खोटं लिहू नका. खाली जाताना कान दुखला तर लगेच खूण करा, सहन करायचं नाही. आणि स्कुबानंतर निदान १८ ते २४ तास विमान नाही. म्हणून स्कुबा हॅवलॉकच्या पहिल्या दिवशी ठेवा. शेवटचा मोकळा दिवस इथेही कामी येतो.

लाइफ जॅकेटचे पट्टे पायातून आणि छातीवरून दोन्ही लावून घ्या, ओढून पहा. नुसतं अंगात अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं.

टप्पा ९ : परतताना

पोरांचे खिसे आणि बायकांच्या पिशव्या आदल्या रात्री पहा. किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, वन्यजीव कायद्यात येतं, शंखांच्याही काही जाती येतात. विमानतळावर बॅग उघडतात, माल तर जातोच, वर केस होऊ शकते. शंखाचं काही हवंच असेल तर पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या आणि बिल जवळ ठेवा, किनाऱ्यावरचं सगळं किनाऱ्यावरच परत टाका.

मोकळ्या दिवसात फेरी चुकलेले, आजारी पडलेले सगळे पोर्ट ब्लेअरला एकत्र येतात. कुणाला ताप असेल तर त्याच दिवशी गोविंद बल्लभ पंत हॉस्पिटलला दाखवा, सरकारी आहे. घरी येऊन पंधरा दिवसांत थंडी-ताप आला तर आपल्या डॉक्टरला अंदमानला जाऊन आलो हे आधी सांगा आणि मलेरियाची तपासणी करून घ्या.

हिशोब रेल्वेतच करायचा. चेन्नईहून गाडी सुटली की रात्रीचं जेवण झाल्यावर वही काढा, सगळ्यांसमोर वाचा, उरलेले पैसे तिथेच वाटा. बल्लारशा आलं की निम्मे लोक बॅगा काढायला उठतात आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत हिशोब कुणाचाच जुळत नाही.